‘डोकं दुखतंय’ म्हणजे नेमकं काय? किशोरवयीन मुलं नैराश्य कसं सांगतात



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "अहो, हा तर मानसोपचारवाल्यांचा विषय. तुम्ही तत्त्वज्ञानाचे. तुमचं तिथे काय काम?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर आधीच देतो. मी डॉक्टर नाही. मी कुणाचं निदान करत नाही, औषध सांगत नाही. पण एखादं पोर म्हणतं, "मला कसंतरी होतंय." या वाक्याचा अर्थ काय? तो आपल्याला कळतो कसा? आणि हेच वाक्य एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेलं की त्या अर्थाचं काय होतं? हे प्रश्न तत्त्वज्ञानाचे आहेत आणि मी आयुष्यभर तेच शिकवलं आहे.

दुसरं कारण जरा खाजगी आहे. तेही सांगतो.

मी जिल्ह्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजला तर्कशास्त्र शिकवायचो, तेव्हाची गोष्ट. अकरावीचा एक मुलगा होता, हुशार. सहामाहीच्या आधी तो तासाला वारंवार उभा राहून विचारायला लागला, "सर, डोकं दुखतंय, जाऊ का?" दोन-तीन आठवडे हेच चाललं. मी त्याला डोळे तपासून घ्यायला सांगितलं. नंबर निघाला, चष्मा लागला, आणि मी स्वतःवर खूश झालो. दिवाळीनंतर तो कॉलेजात यायचाच बंद झाला. शेतीच्या कामाला लागला असेल म्हणून मीही विषय सोडून दिला.

पुढे बऱ्याच वर्षांनी एस.टी. स्टँडवर एक गृहस्थ येऊन पाया पडले. तोच मुलगा. आता स्वतःचं दुकान, दोन मुलं, सगळं ठीक. चहा घेता घेता म्हणाला, "सर, चष्म्याचं तुम्ही बरोबर सांगितलंत. पण तेव्हा मला सकाळी उठावंसंच वाटायचं नाही. जेवण जायचं नाही. ते कुणी विचारलं नाही. आणि विचारलं असतं तरी काय शब्दांत सांगितलं असतं, कोण जाणे."

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. आजचं व्याख्यान त्या एका वाक्यावर आहे, असं समजा.

दुःख प्रत्यक्ष कुणाला?

आपल्या न्यायदर्शनात सुख आणि दुःख हे आत्म्याचे गुण मानले आहेत आणि ते मनाच्या द्वारे ज्याचे त्याला प्रत्यक्ष होतात. माझा दात दुखतो हे मला अनुमानानं कळत नाही. ते सरळ कळतं. पण तुमचा दात दुखतो हे मला कसं कळणार? एक तर तुमच्या सुजलेल्या गालावरून, म्हणजे अनुमानानं. नाही तर तुम्ही सांगितलंत म्हणून, म्हणजे शब्दप्रमाणानं. तिसरा रस्ता नाही.

ताप मोजायला थर्मामीटर आहे. पारा जपानमध्ये आणि जळगावात सारखाच चढतो. नैराश्याला असा पारा नाही. आजही त्याचं निदान मुख्यतः माणूस काय सांगतो, आणि पाहणाऱ्याला काय दिसतं, यावरच होतं. म्हणजे किशोरवयीन मुलांमधल्या नैराश्याचे जे आकडे आपण वर्तमानपत्रात वाचतो, ते मुळात मुलांनी किंवा त्यांच्या पालकांनी दिलेल्या उत्तरांचे आकडे असतात. उत्तर हे कुणालातरी दिलेलं असतं, कुठल्यातरी भाषेत दिलेलं असतं आणि कुठल्यातरी प्रश्नाला दिलेलं असतं. माणूस, भाषा, प्रश्न. या तिन्हींपैकी एक जरी बदललं तरी उत्तर बदलू शकतं, आतलं दुःख तेवढंच असलं तरी.

आता मूल हे शब्द शिकतं कुठे? विट्गेनस्टाइन यांचं ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’ हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९५३ साली प्रसिद्ध झालं. त्यात त्यांनी एक साधी गोष्ट दाखवून दिली. पोर पडतं, रडतं. मोठी माणसं धावतात, त्याच्याशी बोलतात, आणि त्या रडण्याच्या जागी हळूहळू शब्द बसवतात. म्हणजे माझं दुखणं माझं असलं, तरी त्या दुखण्याचा शब्द मला घरानं दिलेला असतो.

यातून एक गोष्ट निघते. घर ज्या शब्दाला धावून येतं, तो शब्द मुलाच्या तोंडात पक्का बसतो. आपल्याकडे पोर "डोकं दुखतंय" म्हणालं की कपाळावर हात येतो, बाम येतो, "पड जरा" म्हणतात. आणि "मला काही नको वाटतंय" म्हणालं की? "नको वाटायला काय झालं? सगळं तर मिळतंय!" मग पोर पुढच्या वेळी कोणता शब्द वापरेल? यात खोटेपणा नाही बरं का. डोकं खरंच दुखत असतं. पण जे दहा गोष्टी होतं, त्यातली एकच सांगितली जाते. जिला दाद मिळते ती.

जपानी मुलांचं कोडं

आता एक पक्कं उदाहरण घेऊ. अमेरिकेत १९७७ साली लेनोर रॅडलॉफ यांनी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘सीईएस-डी’ म्हणतात. वीस विधानं. गेल्या आठवड्यात असं किती वेळा वाटलं, ते सांगायचं. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण शून्य ते साठ. सोळा किंवा त्याहून जास्त झाले की ‘इथे लक्ष द्यायला हवं’ अशी खूण. हे निदान नव्हे, पहिली चाळणी. मुळात ती मोठ्या माणसांसाठी होती, पुढे जगभर शाळकरी मुलांनाही दिली गेली.

या वीसपैकी सोळा विधानं त्रासाची आहेत. झोप नीट लागत नाही, रडू आलं, भूक नव्हती, अशी. पण चार उलटी आहेत, चांगल्या भावनेची. मी इतरांइतकाच चांगला आहे, पुढच्या दिवसांबद्दल आशा वाटली, मी आनंदात होतो, जगण्यात मजा वाटली. या चारांचे गुण उलटे मोजतात. ‘बहुतेक रोज’ म्हणालात तर शून्य, ‘जवळजवळ कधीच नाही’ म्हणालात तर तीन.

जपानमधले संशोधक नोबोरू इवाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात जपानी आणि अमेरिकन लोकांची उत्तरं शेजारी शेजारी ठेवली. कामगारांची ठेवली, शाळकरी मुलांकडेही पाहिलं. नुसती बेरीज न बघता एकेक विधान बघितलं. आणि गंमत अशी दिसली की त्रासाच्या विधानांत फरक फारसा नाही. मोठा फरक या चार चांगल्या विधानांत आहे. जपानी माणसं "मी आनंदात होतो", "मी इतरांइतकाच चांगला आहे" याला होकार द्यायला कचरतात.

आता हिशेब करा. समजा एखाद्या मुलीनं या चारही विधानांना "एखाद-दोन दिवस" असं उत्तर दिलं. उलट्या मोजणीनं प्रत्येकी दोन, म्हणजे आठ गुण. सोळाचा निम्मा पल्ला तिनं एकही त्रास न सांगता गाठला! आणि "जवळजवळ कधीच नाही" असं चारही ठिकाणी म्हणाली तर बारा. मग उरलेल्या सोळा विधानांत चारच गुण पुरे.

ही मुलगी आजारी आहे की विनयशील? बेरजेवरून सांगता येत नाही. जिथे स्वतःचं सुख बोलून दाखवणं अशिष्ट मानतात, तिथे ‘मी सुखी आहे’ या विधानाला नकार देणं हा संस्कार असू शकतो, लक्षण नव्हे.

आणि हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. आपण "कसं चाललंय?" म्हटल्यावर काय म्हणतो? "चाललंय." "ठीक." "देवाच्या कृपेनं बरं आहे." छान चाललेलं असलं तरी छान म्हणत नाही, कारण दृष्ट लागते. आपल्या एखाद्या आठवीतल्या मुलीला विचारा, "तू इतरांइतकीच चांगली आहेस का?" ती आईकडे बघेल. स्वतःच्या तोंडानं कसं सांगायचं, असं तिच्या चेहऱ्यावर दिसेल.

कंटाळा, वाईट वाटणं, टेन्शन

हे झालं प्रश्नाच्या बांधणीचं. आता भाषेकडे येऊ. याच सीईएस-डीमध्ये एक इंग्रजी शब्द आहे, ‘ब्लूज’. घरच्यांनी, मित्रांनी मदत केली तरी ब्लूज झटकता आले नाहीत, असं विधान. आता ‘ब्लूज’चं मराठी काय करणार? निळाई? शब्दकोशातून ‘उदासी’ उचलाल. पण चौदा वर्षांचं कोणतं पोर मित्राला म्हणतं, "मी उदास आहे"? हा शब्द पुस्तकातला. पोरं म्हणतात, "मूड नाही", "डोकं फिरलंय", "टेन्शन आलंय", "करमत नाही". आणि सगळ्यात जास्त म्हणतात, "कंटाळा आलाय."

या ‘कंटाळा’ शब्दाकडे जरा बारकाईनं बघा. करायला काही नाही, तरी कंटाळा. करायला खूप आहे आणि थकलोय, तरी कंटाळा. काम नकोसं आहे, तरी कंटाळा. आणि ज्यात पूर्वी जीव रमायचा, ते क्रिकेट, तो गाण्याचा क्लास, त्या मैत्रिणी, त्यातसुद्धा काही वाटेनासं झालं, तरी मराठी मूल म्हणणार, "कंटाळा आला." यातलं शेवटचं जे आहे, आवडत्या गोष्टीतला रस आटणं, ते नैराश्याच्या दोन मुख्य लक्षणांपैकी एक मानतात. दुसरं म्हणजे खिन्न मन. पण आपण ‘कंटाळा’ ऐकला की आपल्या डोक्यात एकच अर्थ येतो, आळस. आणि आळसाला आपल्याकडे औषध ठरलेलं आहे, बोलणी.

तसंच ‘वाईट वाटणं’. कुणी लागट बोललं तरी वाईट वाटतं, कुणी गेलं तरी वाईट वाटतं, आपलं चुकलं तरी वाईट वाटतं. "गेल्या आठवड्यात तुला किती वेळा वाईट वाटलं?" या प्रश्नाला मूल यातलं नेमकं काय मोजणार?

आणखी एक. किशोरवयात नैराश्य नेहमी रडवेलं नसतं. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत स्पष्ट म्हटलं आहे की मुलांत आणि किशोरवयीनांत खिन्नतेच्या जागी चिडचिडेपणा असू शकतो. आता ज्या घरात मोठ्यांपुढे चिडणं हा उद्धटपणा समजतात, तिथे या लक्षणाचं काय होईल? ते लक्षण म्हणून नोंदलंच जाणार नाही. ते ‘वागणूक’ या सदरात जाईल, आणि त्याचा बंदोबस्त होईल.

‘पूर्वेकडचे लोक शरीरातून बोलतात’, हे कितपत खरं?

तुम्ही हे वाक्य ऐकलं असेल. पाश्चात्त्य माणूस मनाचं सांगतो, आशियाई माणूस शरीराचं. या समजुतीला एक भक्कम अभ्यास आधार म्हणून सांगतात. आर्थर क्लाइनमन हे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ. चीनच्या हुनान प्रांतात त्यांनी शंभर रुग्ण तपासले. त्या सगळ्यांना ‘न्यूरॅस्थेनिया’, म्हणजे मज्जातंतूंचा अशक्तपणा, असं निदान मिळालेलं होतं. डोकेदुखी, झोप नाही, थकवा, अशा तक्रारी. क्लाइनमन यांना अमेरिकन निकषांनुसार त्यातल्या सत्त्याऐंशी जणांत नैराश्य आढळलं. हे १९८२ साली प्रसिद्ध झालं. अभ्यास मोठ्या माणसांचा आहे हे लक्षात ठेवा. पण मुलं शब्द मोठ्यांकडूनच उचलतात.

तरी क्लाइनमन यांनीच एक सावधगिरीही शिकवली. एका समाजात तयार झालेला वर्ग दुसऱ्या समाजावर बसवायचा आणि तो तिथे बसला म्हणून तो तिथेही तसाच अस्तित्वात आहे असं म्हणायचं, ही चूक आहे. माझ्याकडे चौकोनी साचा आहे म्हणून पीठ चौकोनी होतं असं नाही.

पुढे १९९९ साली ग्रेगरी सायमन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. चौदा देशांतली पंधरा केंद्रं, त्यात आपलं बंगळूरही होतं. साध्या दवाखान्यांत आलेल्या पंचवीस हजारांहून जास्त लोकांची चाळणी केली. ज्यांना नैराश्य होतं, त्यातले एकोणसत्तर टक्के लोक डॉक्टरकडे येताना फक्त शरीराच्याच तक्रारी घेऊन आले होते. पण यात पूर्व-पश्चिम अशी सरळ फाळणी दिसलीच नाही! फरक दुसऱ्या गोष्टीनं पडत होता. जिथे रुग्णाचा ठरलेला, ओळखीचा डॉक्टर नव्हता, तिथे शारीरिक तक्रारी जास्त. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मनाविषयी थेट विचारल्यावरही ‘नाही’ म्हणणारे साधारण अकरा टक्केच निघाले. बाकीच्यांना सांगता येत होतं. कुणीतरी विचारायला हवं होतं.

मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो चष्म्यातला मुलगा आठवला.

मग माणूस शरीराचं का सांगतो? बंगळूरलाच आर. रघुराम, मिचेल वाइस आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली ऐंशी रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यात दिसलं की ज्यांची नैराश्याची लक्षणं जास्त, त्यांना लोकनिंदेची भीती जास्त. शारीरिक तक्रारींच्या बाबतीत उलट. कारण उघड आहे. अंगदुखी शेजारणीलाही असते, तिच्यामुळे मुलीचं लग्न मोडत नाही. मनाचं दुखणं उघड झालं तर मोडू शकतं, असं त्या लोकांना वाटत होतं. म्हणजे हा माणूस स्वतःच्या मनाविषयी अडाणी नाही. तो व्यवहारी आहे. काय सांगितल्यानं काय होईल, हे त्याला नीट कळतं. सोळा वर्षांच्या मुलालाही कळतं.

विचारतंय कोण?

एकाच मुलाबद्दल मूल एक सांगतं आणि आईबाप दुसरं. थॉमस अकेनबाख आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली एकशे एकोणीस अभ्यास एकत्र केले, तेव्हा मुलाचं स्वतःचं सांगणं आणि इतरांचं सांगणं यांतला मेळ सरासरी ०.२२ इतकाच निघाला. पूर्ण मेळ म्हणजे एक. पुढे २०१३ साली लेस्ली रेस्कोर्ला आणि सहकाऱ्यांनी पंचवीस समाजांतल्या पालक-मुलांच्या जोड्या पाहिल्या. तिथे मुलांनी स्वतःबद्दल सांगितलेल्या अडचणी पालकांनी सांगितलेल्या अडचणींपेक्षा जास्त होत्या. एका-दोन देशांत नव्हे, सगळीकडे.

म्हणजे संस्कृती कोणतीही असो, घरात मुलाच्या मनातलं सगळं दिसत नाही. "माझ्यापासून ती काही लपवत नाही" असं म्हणणाऱ्या आईबापांनी हे जरा लक्षात घ्यावं. यात त्यांचा दोष आहे असं मी म्हणत नाही. हे वयच तसं आहे.

गोव्याचा आकडा

आता हे सगळं आपल्या शेजारच्या एका आकड्याला लावून बघू. गोव्यात अरविंद पिल्लई, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी बारा ते सोळा वयाच्या दोन हजार अठ्ठेचाळीस मुलामुलींचा अभ्यास केला. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. नैराश्यच नव्हे, कोणताही मानसिक विकार असलेली मुलं निघाली १.८१ टक्के. ब्रिटनच्या राष्ट्रीय पाहणीत पाच ते सोळा वयोगटात हे प्रमाण साधारण दहा टक्के होतं. वयोगट वेगळे आहेत, तरी फरक डोळ्यांत भरतो.

याचे तीन अर्थ होऊ शकतात. एक, गोव्यातल्या मुलांना खरंच त्रास कमी आहे. घर, नाती, शेजार यांचा आधार असेल. हे अशक्य नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय कुटुंबांतल्या मुलांतही हे प्रमाण तिथल्या सरासरीपेक्षा कमी दिसलं आहे. दोन, त्रास तेवढाच आहे पण प्रश्नांच्या जाळीतून निसटतो. तीन, थोडं हे आणि थोडं ते.

आपल्याकडे काय होतं, तर पहिला अर्थ आवडतो म्हणून आपण तोच घेतो. "बघा, आमची कुटुंबव्यवस्था!" आणि परदेशी अभ्यासकाला कधीकधी दुसरा आवडतो. "बघा, यांना अजून बोलताच येत नाही!" दोघंही आकड्यातून स्वतःला हवं ते काढतात. अ‍ॅना गुडमन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली भारतासह सात देशांतली मुलांविषयीची माहिती ताडून पाहिली. निष्कर्ष असा की प्रश्नावलीच्या गुणांत देशादेशांत दिसणारा फरक हा विकारांच्या प्रमाणातला फरक असेलच असं नाही. तर्कशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर इथे हेतू व्यभिचारी आहे. धूर दिसला म्हणून अग्नी, हे चालतं. धूर दिसला नाही म्हणून अग्नी नाही, हे चालत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. हा दृष्टांत आपले नैयायिक शतकानुशतकं देत आले आहेत.

शब्द बदलतात, मुलंही बदलतात

संस्कृती ही दगडावरची रेघ नाही. जपानमध्येच पाहा. साधारण २००० सालच्या सुमारास नैराश्याचं वर्णन ‘मनाची सर्दी’ असं व्हायला लागलं. औषधांच्या प्रचाराचा त्यात मोठा हात होता. जुन्को कितानाका यांनी ‘डिप्रेशन इन जपान’ या २०११च्या पुस्तकात हा बदल सविस्तर मांडला आहे. सर्दी म्हटलं की लाज जाते, माणसं दवाखान्यात येतात. पण सर्दी म्हटलं की असंही वाटतं, गोळी घेतली की संपलं. कामाच्या ओझ्याचा प्रश्न बाजूलाच राहतो.

इयन हॅकिंग या तत्त्ववेत्त्यांनी याला एक चांगलं नाव दिलं, ‘लूपिंग’. माणसांना आपण नाव देतो, ते नाव ऐकून माणसं बदलतात, आणि बदललेल्या माणसांमुळे नावाचा अर्थ बदलतो. दगडाला दगड म्हटल्यानं दगडाला काही वाटत नाही. पोराला ‘डिप्रेस्ड’ म्हटलं तर त्याला वाटतं.

आज माझी नातवंडं "मी डिप्रेशनमध्ये गेलोय" असं मॅच हरल्यावरसुद्धा म्हणतात. माझ्या पिढीतली मंडळी यावर हसतात किंवा चिडतात. मला वाटतं, दोन्ही करू नये. शब्द सैल झालाय हे खरं. पण माझ्या त्या विद्यार्थ्याकडे सैल शब्दसुद्धा नव्हता. या दोन अडचणींपैकी एकच निवडायची झाली, तर मी सैल शब्दाची निवडेन. सैल शब्दापुढे "म्हणजे नेमकं काय होतंय?" असं विचारता येतं. मुकेपणापुढे काय विचारणार?

मग करायचं काय?

यातून कुणी असा अर्थ काढू नये की सगळं सापेक्ष आहे, प्रत्येकाचं दुःख आपापल्या संस्कृतीपुरतं. तसं नाही. झोप उडणं, अन्नावरची वासना जाणं, आवडतं ते नावडतं होणं, आपण ओझं आहोत असं वाटणं, हे हुनानमध्ये आहे, टेक्ससमध्ये आहे आणि आपल्या तालुक्यातही आहे. सांगण्याचा दरवाजा तेवढा वेगळा असतो. कुणी डोक्याच्या दारानं बाहेर येतं, कुणी रागाच्या, कुणी कंटाळ्याच्या. आपण एकाच दारावर उभे राहिलो तर चुकामूक होते.

तेव्हा शिक्षकांना आणि पालकांना माझं सांगणं थोडकं आहे. पोर शरीराचं सांगत असेल तर शरीराचं आधी खरं माना, तपासा. पण तिथे थांबू नका. पुढचे दोन प्रश्न विचारा. "झोप लागते का?" आणि "पूर्वी आवडायचं ते अजून आवडतं का?" उत्तर त्याच्या शब्दांत येऊ द्या, तुमचा शब्द त्याच्या तोंडात घालू नका. एकदा "काही नाही" म्हणालं म्हणून विषय बंद करू नका, चार दिवसांनी पुन्हा विचारा. जगणंच नको वाटतंय असं त्यानं कुठल्याही शब्दांत सुचवलं, तर ते चेष्टेवारी नेऊ नका. तसं वाटतं का हे सरळ, शांतपणे विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसतो, ही समजूत चुकीची आहे. त्याला एकटं सोडू नका, आणि त्याच दिवशी तज्ज्ञाची मदत घ्या. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

श्रोत्यांतून आलेला एक प्रश्न

*"माझी नात न्यू जर्सीत असते, पंधरा वर्षांची. आईशी इंग्रजीत बोलताना ती ‘आय अ‍ॅम डिप्रेस्ड’ म्हणते. माझ्याशी फोनवर मराठीत म्हणते, ‘बरी आहे गं आजी.’ यातलं खरं कोणतं मानायचं?"*

आजी, तुम्ही माझं तासाभराचं व्याख्यान एका वाक्यात विचारलंत! दोन्ही खरं मानायचं. एक उत्तर तिनं आईला दिलंय, एक तुम्हाला. इंग्रजीत तिला तो शब्द शाळेनं दिलाय. मराठीत तिच्याजवळ तसा शब्द नसेल, किंवा आजीला काळजी नको म्हणून ती जपत असेल. ‘बरी आहे’ हे प्रेमाचं उत्तर आहे, त्यावर तिची उलटतपासणी घेऊ नका.

पण आईला ती जे म्हणाली ते हलकं घेऊ नका. सुनेशी किंवा मुलीशी, जी कुणी असेल तिच्याशी, मोकळेपणानं बोला. "इंग्रजी खूळ आहे" असं चुकूनही म्हणू नका. आणि नातीला पुढच्या फोनवर ‘कशी आहेस’ विचारू नका, कारण त्याचं उत्तर ठरलेलं आहे. विचारा, "काल रात्री कितीला झोपलीस? आज काय खाल्लंस? चित्रं काढतेस का अजून?" आणि जमलं तर आधी स्वतःचं सांगा. "मलाही तुझ्या वयाची असताना कधीकधी काहीच नको वाटायचं." मराठीत असंही बोलता येतं, हे तिला कळू द्या. घरानं तो शब्द तिला अजून दिलेला नाही. तो तुम्ही देऊ शकता.

आज इथेच थांबतो. पुढच्या वेळी ‘लाज आणि अपराधभाव’ या विषयावर बोलू.